एल्दियारची तारीख

नारीन शहर, शरद ऋतूची अखेर. बेर्मेतने आपल्या समारंभगृहाच्या वेबसाइटला प्लगइन जोडून कॅलेंडर चढवले. घरातल्या कोणीही आपल्या फोनवरून नोंद करावी आणि ती तेथे उमटावी, अशी सोय. पहिली नोंद तिने भावाच्या, एल्दियारच्या, वर्षजेवणाची, म्हणजे मृत्यूला वर्ष होताना घालायच्या जेवणाची, केली. लग्न ठरलेला तो पोरगा गेल्या हिवाळ्यात कोसळत्या हिमाखाली फोनसकट गडप झाला होता.

“देह नाही, माती नाही, अन् जेवणाची तारीख तेवढी काढलीस!” आई फणकारली.

“आपा,” बेर्मेत आईला म्हणाली, “आता जेवणासाठी घोडासुद्धा आणून बांधलाय.”

दुसऱ्या सकाळी वर्षजेवण पुसले जाऊन त्या जागी ‘लग्न’ उमटले होते, आणि खाली नोंद करणाऱ्याचे नाव: एल्दियार.

 

आईने ते शांतपणे वाचले. “घोडा असू दे. लग्नालाही कापावाच लागतो.”