पाडव्याचं श्रीखंड

"मला नुसतं दाखव. देवाला दाखवतेस तसं."

वजन उतरावं म्हणून डॉक्टरांनी ह्यांचं जठर कापून केळ्याएवढं केलं, त्याला तिसरा आठवडा चालू होता. पंगतीत पैज लावून जिलब्या खाणारा माणूस आता औषधाच्या मापाने वरणाचं पाणी पीत होता. "उचकी लागली की समजा, पोटात जास्त गेलं," असं डॉक्टरांनी बजावलंही होतं.

पाडव्याचा दिवस, मला दया आली. देवाचा नैवेद्य झाल्यावर तेच ताट ह्यांच्यापुढे ठेवलं, भोवती पाणी फिरवलं. ह्यांनी डोळे मिटून श्रीखंड-पुरीचा वास छातीभर घेतला. देव्हाऱ्यातल्या देवापेक्षा शहाणे दिसत होते.

कुकरची शिट्टी झाली म्हणून मी आत जाऊन गॅस बंद करून आले. हे तसेच, डोळे मिटलेले, हात मांडीवर. मी ताट उचलायला वाकले, तेवढ्यात ह्यांना उचकी लागली.

"कुणीतरी आठवण काढतंय वाटतं," हे डोळे न उघडताच म्हणाले.

मी श्रीखंडाच्या वाटीकडे पाहिलं. मधोमध बोटाचा चर पडला होता.

"ही वाटी काढतेय," मी म्हटलं. "आत्ताच भेटून गेलात ना तिला."