उरलेला चिंचोका

मडक्यात एक चिंचोका उरला होता.

प्रमोदिनीबाईंनी मडकं उपडं करून पाहिलं. एकच. आंब्याखालची सारवलेली जागा रिकामी झाली होती. वर मोहर, खाली मोहराचा चिकट सडा. पोरं घरी गेली होती.

कोपरच्या या बालवाडीला भिंती नव्हत्या आणि पाटीही नव्हती. पोराने सकाळी आल्यावर टोपलीतला एक चिंचोका मडक्यात टाकायचा, जाताना एक काढून टोपलीत ठेवायचा आणि गुळाचा खडा घ्यायचा. चार वर्षांच्या पोराला हजेरी कळत नाही, चिंचोका कळतो, असं बाई म्हणत. दिवाळीपासून हिशेब एकदाही चुकला नव्हता.

"काय झालं?" देवळाच्या ओट्यावरून तपासनीसांनी विचारलं.

ते सकाळी साडेसातलाच ठाण्याहून आले होते. वर्ग चालवायचा की बंद करायचा, ते त्यांच्या शेऱ्यावर होतं. अकरापर्यंत त्यांनी बाईंना नोंदवहीसमोर बसवून ठेवलं होतं. अकराच नावं का, मिठागरावरच्या मजुरांची पोरं का नाहीत, खाऊ कुठून येतो. "खोपटांवर जाऊन सांगून आले, अजून कोणी आलं नाही," बाईंनी सांगितलं होतं. तोवर पोरं मदतनीस रंगूबाईजवळ होती. ती त्यांना चिखलाचे पक्षी करायला खाडीच्या बांधावर घेऊन गेली होती. रंगूबाईला साठी उलटलेली. तिला चेहरे धूसर दिसत.

"एक पोर जाताना मडक्याजवळ आलं नाही," बाई म्हणाल्या.

"विसरलं असेल."

"गूळ कोणी विसरत नाही."

रंगूबाईने पदर झटकला. "गुलाचे अकरा खडे आनलेले बाय. अकराही गेले."

"मग एकाने सकाळी दोन टाकले," तपासनीस म्हणाले. "तुम्ही तिथे होतात कुठे?"

होळीला दोन दिवस होते. भरती मोठी होती आणि ती साडेअकराला पुरी भरणार होती. बाई बांधाकडे धावल्या.

पाणी खाडीकाठच्या खाजणातल्या झुडपांत शिरलं होतं. पक्षी वाळत घातलेल्या फळीचं एक टोक भिजत होतं. बाईंनी फळी ओढून वर घेतली. पक्षी मोजले. बारा.

"गणूनं दोन केले असतील," मागून धापा टाकत आलेली रंगूबाई म्हणाली. "त्याला सगला डबल लागतं."

काठावर पावलं असतील तर ती आता पाण्याखाली होती. बाईंनी दोनदा हाका मारल्या. एक बगळा उडाला.

गावात बातमी त्यांच्या आधी पोचली होती. बालवाडीच्या कमिटीचे गोमाजी पाटील वाटेतच उभे होते.

"बाई, गावाचा पोर खाडीन गेला, त शाला ऱ्हायाची नाय. आदीच सांगतो."

"आधी घरं बघू या, पाटील."

नोंदवही हातात घेऊन त्या दारोदार फिरल्या. प्रत्येक नावाला पोर समोर आणायला लावलं, हात लावून पाहिलं, नावापुढे खूण केली. गणू जेवत होता. दोघी बहिणी पांगाऱ्याच्या फुलांनी नखं रंगवत होत्या. सात झाले. नऊ झाले. दहा.

अकरावं घर सगुणाचं.

"चंदू?" ती कोयता टाकून उठली. "माजा चंदू नाय घरान! मना वाटला, शालेन हाय!"

तिने हंबरडा फोडला. पुरुष खाडीकडे पळाले. कोणी होडी सोडा म्हणालं, कोणी बाईंना शिव्या दिल्या. बाई नोंदवही छातीशी धरून पळत होत्या. चंदू सापडला तो होळीच्या लाकडांमागे, हातात काठी घेऊन बसलेला.

"दिवा गावाची पोरा लाकडा चोरतात," तो म्हणाला. "मी राखन करतंय."

सगुणाने त्याला आधी थोबाडीत मारली, मग उराशी धरलं. कोणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. गोमाजी पाटलांनी बाईंना लोटाभर पाणी दिलं.

"माझा चिंचोक्यांवर जास्त विश्वास होता," बाई पुटपुटल्या.

"म्हणूनच नोंदवही ठेवायची असते," तपासनीस म्हणाले. त्यांनी शेरा लिहिला: अकरा नावे, अकरा मुले सुरक्षित. नोंद चोख. वर्ग चालू ठेवावा. चिंचोक्यांची पद्धत बंद करावी.

बाईंनी खाली सही केली. उरलेला चिंचोका टोपलीत टाकला.

दिवस कलला तेव्हा त्या एकट्याच आंब्याखाली पक्ष्यांची फळी लावत होत्या. भरती कधीच उतरली होती. बांधावरून एक बाई आली. पोटऱ्यांपर्यंत मीठ सुकून पांढरं झालेलं, डोक्यावर रिकामं घमेलं. काम नुकतंच सुटलं असावं. तिने आंब्याभोवती नजर फिरवली आणि संकोचून हसली.

"बाई, तुम्ही खोपटावर येऊन बोललात, म्हनून आज पयल्यांदा धाडली माझ्या गोदाला. शाळा अजून सुटली नाय का?"