जाम डिस्क

महिन्यापूर्वी माझ्या हातून गाडी फाटकाला घासली. दुसऱ्याच दिवशी मुलाने ब्रेकच्या दुरुस्तीसाठी चाक काढलं. तेव्हापासून गाडी जॅकवर आणि मी घरात. "बाबा, डिस्क गंजून जाम झालीय, हलतच नाही," हे त्याचं रोजचं पालुपद.

चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाने किती ऐकून घ्यायचं? आज तो कामाला गेल्यावर मीच बोल्ट काढून हातोडी घेऊन बसलो. पहिल्याच ठोक्याला डिस्क हातात आली. आत गंजाचा ठिपका नाही. उलट ती चिकटू नये म्हणून ताजं ग्रीस लावलेलं, मीच त्याला शिकवलं होतं तसं.

डिस्क जागेवर ठेवली, बोल्ट होते तसे आवळले, हात धुतले.

संध्याकाळी तो म्हणाला, "रविवारी पुन्हा जोर लावून बघतो."



"उगाच दमू नकोस. मी बघितलंय, ती आता निघायची नाही."