बँक उघडली त्या दिवशी

शटर वर गेलं तसा बाहेरचा गलका थेट चेअरमन दयानंदच्या केबिनपर्यंत आला. "खाल्लं त्यांनी, भरलं आम्ही!" अर्धं धर्माबाद बँकेपुढं उभं होतं. त्यानं पंखा वाढवला.

बँक त्यानंच बुडवली होती. मेहुण्याच्या कापसाच्या जिनिंगला तारण न बघता कर्ज दिलं. ते फिटेना म्हणून वर आणखी दिलं. मेहुणा नांदेडात बंगला बांधून बसला आणि इथं बँक बंद पडून लोकांच्या ठेवी अडकल्या. शेवटी सरकारनं तिजोरीतून रक्कम ओतून बँक वाचवली. वरच्या ओळखीनं दयानंदची खुर्चीही वाचली.

शिव्यांची त्याला आता सवय झाली होती. "कुणाचा एक रुपया तरी बुडाला का?" असं तो कॅशियरला म्हणतच होता, तेवढ्यात रांगेत जगदेवी दिसली आणि त्याची मान खाली गेली.

पावसाळ्यात ती त्याच्या घरी आली होती. नवरा नांदेडच्या दवाखान्यात होता. स्वतःच्याच ठेवीतले थोडे पैसे मागत होती. 'घरी न्हाईत' असं दयानंदनं बायकोकडून सांगायला लावलं आणि आतल्या खोलीत श्वास रोखून बसला. जगदेवी बराच वेळ पायरीवर थांबली. जाताना म्हणाली, "अण्णा आले की सांगा, लई नड हाय." ते शब्द त्यानं भिंतीआडून ऐकले होते.

आज तरी भरपाई करावी म्हणून त्यानं तिला आत बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला.

"आक्का, तुमचे सगळे पैसे आलेत, व्याजासकट. रांगेत थांबू नका, आत्ताच घेऊन जा."

"काढायचे न्हाईत, अण्णा."

"अहो, पण दवाखान्याचं..." त्याची नजर तिच्या मोकळ्या कपाळावर गेली.

बाहेर घोषणा चालूच होत्या. हिनंही त्यांच्यासारखी एखादी शिवी हासडावी, असं त्याला वाटलं. जगदेवीनं पदर सावरला. चहाला तिनं हात लावला नव्हता.

"मालक पोळ्याच्या आदल्या दिवशी गेले," ती म्हणाली. "पैसे राहू द्या इथंच. कुणी दवाखान्यासाठी मागायला आलं, तर त्याला माघारी लावू नका. एवढंच सांगायला आले होते."