दुसरी साक्ष

“मास्तर, तुमी साक्ष देता म्हनं.”

आक्काबाई दारात उभी राहिली आणि शांतवन मास्तरांचा घास हातातच राहिला. देतात तर! रोज कासारवाडीच्या बांधकामावर मजुरांची हजेरी घ्यायची आणि आठवडी बाजारात खोक्यावर चढून ओरडायचं, “मी प्रभूची साक्ष द्यायला उभा आहे, वेळ असो, अवेळ असो!” ऐकायला कोण? दोन शेळ्या आणि दुकान सोडून जाता येत नाही म्हणून बसलेला भाजीवाला. पण उत्साह म्हणाल तर नुसता उतू चाललेला.

“मंग आज आमच्या धन्यासाठी द्या,” आक्काबाई म्हणाली.

तिचा नवरा भिमाजी परवा परांचीवरून पडला, मांडी मोडली. कंत्राटदार नानासाहेब म्हणत होते, गडी पिऊन चढला होता. म्हणजे भरपाई नाही आणि वर बदनामी. बांबू कुजका होता, तो मास्तरांच्या डोळ्यांदेखत मोडला. दुपारी चौकशीला सरकारी साहेब यायचे होते.

पण याच नानासाहेबांनी प्रार्थनामंदिरावर घालायला पत्रे कबूल केले होते. आता देवाच्या घराचं छप्पर मोठं की भिमाजीची मांडी? भक्त माणूस, देवाचं नुकसान कसं करणार?

“बाई, ती साक्ष वेगळी,” मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले. “ती देवाची. ही कोर्टकचेरीची.”

“आसं व्हय.” आक्काबाई ओशाळली. अडाणीपणानं भलतंच मागितलं, असं तिला वाटलं. “मला वाटलं, देव बघितला म्हनून सांगता, तर धनी पडताना बघितला त्ये बी सांगाल.”

ती गेली. मास्तर पुन्हा पानावर बसले. भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच पानात ठेवला. शेवटी चडफडत उठले, टोपी डोक्यावर आपटली आणि चौकशीला गेले. शौर्य कसलं आलंय त्यात! आवाज बाजारातल्या आवाजाच्या पावपटही नव्हता. पण बोलले.

“बांबू कुजका होता, साहेब. मी पाहिलंय. भिमाजी प्यायलेला नव्हता.”

भिमाजीला भरपाई मंजूर झाली. मास्तरांची नोकरी गेली, पत्रे गेले, नानासाहेबांनी दिलेली खोलीही गेली. दुसऱ्या दिवशी ते बैलगाडीत बोचकी चढवत होते आणि स्वतःच्या अकलेला शिव्या घालत होते. नेमकी तेव्हाच आक्काबाई आली.

“आता आणखी काय?” मास्तर खेकसले. “गाडी खोळंबलीय माझी.”

आक्काबाईनं दारातल्या ट्रंकेवर बैठक मारली.

“खोळंबू द्या. आता ती दुसरी सांगा, देवाची. आता खरी वाटंल.”