चौथा घोडा

तिसरा घोडाही बाबांनी नाकारला.

"आता ह्यात काय खोट काढलीत?" गाडी सुरू करता करता मुलीने विचारलं.

"मान आखूड आहे."

"त्याच आखूड मानेने तो नऊ शर्यती जिंकलाय, बाबा."

"जिंकला असेल. मला नाही पसंत."

मागच्या सीटवर म्हातारा मोतद्दार गालातल्या गालात हसला. बाबांच्या तबेल्यात तो घोडे सांभाळायला लागला तेव्हा दोघांचेही केस काळे होते. आता तबेल्यात एकच घोडी उरली होती. विसाव्या वर्षात शिरलेली, शर्यतीच्या थरोब्रेड जातीची. मोतद्दार तिला 'बाईसाहेब' म्हणायचा. एके काळी तिची शिंगरं जन्मायच्या आधीच विकली जायची. मागचे दोन मोसम मात्र ती रिकामीच राहिली होती. तरी बाबा हट्टाला पेटले होते. आणखी एकच शिंगरू, शेवटचं. घोडा तेवढा नीट पारखून घ्यायचा.

मुलगी रजा काढून त्यांना घोड्यांच्या पैदाशीच्या एका स्टड फार्मवरून दुसऱ्यावर फिरवत होती. लग्नाच्या मुलींचे बापसुद्धा एवढे जोडे झिजवत नसतील, असं ती म्हणायची. म्हणताना हसायची. समुद्रापलीकडच्या एका लहान मुलांच्या इस्पितळाने तिला डॉक्टर म्हणून बोलावलं होतं. असं बोलावणं पुन्हा येणार नव्हतं. "बाईसाहेबांचं एकदा मार्गी लागू दे, मग तू खुशाल जा," बाबा म्हणायचे. पण घोडी गाभण राहिली की अकरा महिने ते तिच्याजवळून हलणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मोतद्दार तर यंदाचा मोसम आटोपला की आपल्या लेकीकडे राहायला जाणार होता. मग एवढ्या मोठ्या घरात बाबा एकटे. तिने मनातल्या मनात नकार देऊन टाकला होता. इस्पितळाला कळवायचंच काय ते बाकी होतं.

बाबांची घोडा पाहायची तऱ्हाही न्यारी. घोडा बाहेर आणला की त्याच्याभोवती एक फेरी मारायची, खूर बघायचे, दात बघायचे आणि मग फार्मभर हिंडत बसायचं. घोडी तिथे मोसमभर राहणार म्हणजे तिच्याबरोबर आपला माणूस हवाच. अनोळखी हातचा दाणा बाईसाहेब खात नसत. म्हणून बाबा तिथल्या खोलीचीही कसून चौकशी करायचे. पायऱ्या किती? न्हाणीघर लांब आहे का? सकाळचं ऊन येतं का?

"मालक, मी काय सासरी चाललोय का?" मोतद्दार वैतागायचा.

"आधी आपले गुडघे बघ आणि मग बोल."

चौथा फार्म लहानसा होता. मालकीण स्वतः फावडं घेऊन लीद उचलत होती. घोडा तांबूस रंगाचा, गरीब डोळ्यांचा आणि अगदी बेताचा. बाबा त्याच्यापाशी जेमतेम थांबले. मग ते कुंपणाला टेकले आणि नुकतंच दूध तोडलेल्या शिंगरांचा धुडगूस बघत राहिले. मालकिणीशी बराच वेळ बोलले, खोलीत डोकावले आणि खुशीत परत आले.

"ठरलं. इथेच."

"बाबा, हा घोडा दोन शर्यती धावून घरी बसलाय! नऊ जिंकलेला नको आणि हा हवा?"

"स्वभावाने चांगला आहे. ह्या वयात स्वभावच बघावा."

तिला भरून आलं. आपल्याला उशीर होतोय, म्हणून दगडापेक्षा वीट मऊ म्हणत त्यांनी हा पत्करला असं तिला वाटलं.

घोडी पोचवायच्या आदल्या दिवशी तिने मोतद्दाराला तबेल्यात गाठलं.

"मामा, मी जात नाहीये. बाबांना तुम्ही सांगाल? माझी जीभ रेटत नाही."

मोतद्दार हातातला लगाम पुसत राहिला. "उद्या बाईसाहेब पोचू देत, ताई. मग काय ते तुम्हीच बोला."

दुसऱ्या दिवशी बाईसाहेब ट्रकमधून अशा उतरल्या, जणू फार्म त्यांच्याच नावावर आहे. मोतद्दार पत्र्याची ट्रंक उचलून खोलीत गेला. मालकिणीने घोडीला सरळ शिंगरांच्या कुरणात सोडलं. सगळी टोळी धावत आली. एका आगाऊ शिंगराने तिच्या पोटाला ढुशी मारली. तिने कान मागे पाडून असा दम भरला की सगळी जागच्या जागी गप्प.

"हिला घोड्याकडे कधी न्यायचं?" मुलीने विचारलं.

"घोड्याकडे?" मालकीण गोंधळली. "काका बोलले नाहीत का? ही आता गाभण राहायची नाही. आईपासून तोडलेल्या ह्या कार्ट्यांना वळण लावायला मला अशीच एक खमकी म्हातारी हवी होती."

मुलगी बाबांकडे वळली. ते घोडीकडे बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं? मग इतके घोडे कशाला बघत फिरलो आपण?"

तेवढ्यात मोतद्दार खोलीतून बाहेर आला. त्याने किल्ली बाबांच्या हातात ठेवली, त्यांचा हात क्षणभर धरला आणि डोळे पुसत ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

"मामा, तुम्ही कुठे निघालात?"

बाबांनी किल्ली खिशात टाकली.

"घोडे तू बघत होतीस, बाळ," ते म्हणाले. "मी माझ्यासाठी खोली बघत होतो."