उष्टं औषध

पुरुषांच्या शस्त्रक्रिया वॉर्डात चौदा खाटा होत्या, तीन ट्रॉल्या, अकरा सलाईनचे स्टँड आणि कोपऱ्यात एक बेसिन. दवाखान्याच्या प्रयोगशाळेतल्या सृष्टीने एकूण एकोणतीस ठिकाणी निर्जंतुक कापूसकाडी फिरवली होती. अठ्ठावीस ठिकाणी सापडले ते साधे, कुठल्याही भिंतीवर असतात तसले जंतू. एकोणतिसावं ठिकाण बेसिनची जाळी. तिथे उगवलेला जंतू आणि सहा नंबरच्या खाटेवरच्या सटवाजीच्या पायातला जंतू एकच होता. त्याच्यावर तिने सतरा औषधांच्या चकत्या ठेवून पाहिल्या. औषध लागू पडलं तर चकतीभोवतीचे जंतू मरतात आणि मोकळं वर्तुळ दिसतं. सतरांपैकी एकीभोवतीही ते नव्हतं.

सटवाजी येलदरीच्या धरणात मासे धरायचा. मोडलेल्या नडगीत सळई बसवली, जखम चिघळली, आणि आता सर्जननी उद्या अकराची वेळ दिली होती. पाय काढायचा.

"होडीत उभं ऱ्हाऊन जाळं फेकावं लागतंय, म्याडम," सकाळी पट्टी बदलताना तो तिला म्हणाला होता. "बसून फेकलं की मासे हसतेत." हसला मात्र तो एकटाच.

अहवाल घेऊन सृष्टी खाली आली. औषधांच्या खिडकीपाशी बाकावर दत्तरावकाका पेपर वाचत बसले होते. जिंतूरच्या या दवाखान्यात त्यांनी चौतीस वर्षं कंपाउंडरकी केली. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी रोज दहाला येऊन बसायचे. सृष्टी सहा वर्षांची असताना तिला टायफॉइड झाला होता. चारठाण्याहून आईने तिला इथेच आणलं होतं. तेव्हा हा वॉर्ड नव्हता, पत्र्याची खोली होती. स्पिरिटचा वास, काचेच्या बरण्यांची रांग, खलबत्त्याचा बारीक ठणठणाट, आणि गुळाच्या खड्यात कॅप्सूलची भुकटी दाबून पुढे करणारा काकांचा हात. "डोळे मिट, आन् गिळ." असं कडू तिने पुन्हा कधी खाल्लं नाही. मोठेपणी जंतूंचं शास्त्र शिकायला ती गेली, ती बहुधा त्या पत्र्याच्या खोलीतूनच.

मंजुषा सिस्टर खिडकीशी उभ्या होत्या. सृष्टीने विचारलं, "सिस्टर, वॉर्डातल्या बेसिनमध्ये काय काय टाकता?"

"उरलेली इंजेक्शनं. पहिल्यापासून. काकांनीच लावलेली शिस्त हाय ती."

काकांनी पेपर खाली ठेवला. "मग? एकाचं उष्टं दुसऱ्याला देतेत का? आन् कचऱ्यात टाकलं तर पायदळी येतंय. दवा म्हंजे देवाच्या ठिकाणी, पोरी. निर्माल्यावानी वाहत्या पाण्यात सोडायची."

सृष्टी त्यांच्या शेजारी बसली. कसं सांगावं ते तिला सुचेना, म्हणून तिने सरळच सांगितलं.

"काका, बेसिन बसवून सतरा वर्षं झाली. जाळीखालच्या जंतूंना रोज थोडं थोडं औषध मिळत गेलं. मरण्याइतकं नाही. शिकण्याइतकं."

काकांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने पुसला. पुन्हा पुसला.

"म्हंजे मीच पाजलं त्यायला."

तिने हातातल्या कागदाकडे पाहिलं. सतरा नावं. सगळी या वॉर्डात वापरलेली, म्हणून सगळी त्या बेसिनच्या ओळखीची. आठवडाभर ती नवीन औषध शोधत होती.

"काका," ती सावकाश म्हणाली, "त्या बेसिनमध्ये कधीच गेलं नाही, असं कुठलं औषध?"

काकांनी डोळे मिटले. मग वरच्या फळीपासून सुरुवात केली, डावीकडून उजवीकडे, जणू पत्र्याची खोली अजून समोरच होती. तपकिरी बाटल्या. जांभळं औषध. खोकल्याचं लाल मिक्स्चर. बोट हवेत एकेका बरणीवर थांबत, पुढे सरकत होतं. तिसऱ्या फळीवर ते थांबलं.

"कडू कॅप्सूल."

"क्लोरॅम्फेनिकॉल?"

"तीच. टायफॉइडची. हजारोंत एखाद्याच्या रक्ताला बाधायची, म्हणून बंद केली. हे बेसिन बसायच्या आधीच. आन् मोजून द्यायचो, तिचं उष्टं उरायचंच न्हाई." त्यांनी डोळे उघडले. "तुझ्यासारख्या दोन-चार लेकरांना दिली, ती शेवटची."

दवाखान्यात त्या औषधाची चकती नव्हती. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या मैत्रिणीकडे होती. तिने बर्फाच्या थर्मासात घालून जिंतूरच्या एसटीत कंडक्टरच्या हाती दिली. साडेतीनला बस आली. चारला सृष्टीने जंतूंच्या तबकडीवर चकती ठेवली. वर्तुळ दिसायला अठरा तास लागणार होते.

सर्जननी सगळं ऐकून घेतलं. "इतकं जुनं इंजेक्शन मिळतं तरी का?"

"नांदेडला एका दुकानात आहे, सर. फोन केला होता."

"वर्तुळ किती आलं तर चालेल?"

"अठरा मिलिमीटर. त्याच्या पुढे गेलं तर लागू पडतं."

"दहाला सांग. अकराला टेबल."

सकाळी दहाला पाच कमी असताना दत्तरावकाका बाकावर नव्हते. ते प्रयोगशाळेच्या दाराशी उभे होते, चपला बाहेर काढून. आत या म्हटलं तरी आले नाहीत. वरच्या वॉर्डातून ट्रॉली निघाल्याचा आवाज येत होता. सृष्टीने उबवणपेटी उघडली, तबकडी काढली, उजेडाकडे धरली. मोजपट्टी लावली. उभं मोजलं, मग आडवं.

तेवीस मिलिमीटर.